जुन्या गाडीला सोबती हवा आहे? मग नुसते ‘जावा’ लिहून पाठवू नका

“आमच्या भागात अजून कोणाकडे जुनी गाडी आहे का हो? रविवारी एकट्याने फिरायचा कंटाळा आला.” आमच्या गॅरेजमध्ये आणि फोनवर हा प्रश्न इतक्या वेळा येतो की शेवटी आम्ही जिल्हावार वहीच घातली. जावा, येझदी, राजदूत, कास्ट आयर्न बुलेट, आरडी ३५० अशा गाड्यांचे मालक तिच्यात नाव नोंदवतात आणि आम्ही जोड्या लावून देतो. नोंदणीचे पैसे घेत नाही. कोल्हापूर, सातारा, पुण्याची पाने भरली आहेत. परभणी-हिंगोलीची जवळपास कोरी आहेत, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी जरूर कळवावे. निपाणी-बेळगाव आणि गोव्याचेही चालतील.

आता मूळ मुद्दा. दहातल्या सहा-सात नोंदी अशा येतात: नाव, मोबाईल, ‘गाडी : जुनी जावा, कंडिशन एक नंबर’. अशा नोंदीवर जोडी लावता येत नाही. मग आम्ही फोन करतो, मालक दुकानात असतात, रात्री फोटो पाठवतो म्हणतात, फोटो येतो तो हारतुरे घातलेला दसऱ्याचा. तीन-चार दिवस यातच जातात.

गाडीची एवढी खोलात चौकशी कशाला, सोबतच तर हवी आहे, असे काहींना वाटते. कारण साधे आहे. जुन्या गाडीचा सोबती म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडल्यावर ज्याच्या डिकीतला माल तुमच्या उपयोगी पडेल असा माणूस. रस्त्याकडेच्या गॅरेजात हे पार्ट मिळत नाहीत. दोघांच्या गाड्या एका जातीच्या असल्या तर एकाचे सामान दुसऱ्याला चालते. नसल्या तर दोघेही टेम्पोची वाट पाहत बसतात.

आणि गाडी कोणती हे टाकीवरच्या नावावरून कळत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा काढली, १९७३च्या सुमारास नाव बदलून येझदी केले आणि १९९६मध्ये उत्पादन थांबले. पुढे जावाला भाव आला, तसे येझदीच्या रोडकिंग मॉडेलला क्रोमची टाकी आणि जावाचा बिल्ला लावून ‘जावा’ करण्याचे प्रकार सुरू झाले. घेणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, रोडकिंग फार गुणी गाडी आहे. पण आम्हाला खरे कळले पाहिजे.

ओळखायला तीन गोष्टी पुरतात.

पहिली, चाक. टायरच्या बाजूला आकडा असतो. जावा २५०ला ३.२५-१६ म्हणजे १६ इंची चाके, रोडकिंगला १८ इंची. सोबतीला हे सगळ्यात महत्त्वाचे, कारण १८ची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळते, १६ची मिळेलच असे नाही. दोघेही १६वाले असतील तर एक जादा ट्यूब दोघांत पुरते.

दुसरी, इग्निशन. इंजिनाच्या उजव्या बाजूचे कव्हर काढा आणि आतला फोटो पाठवा. पॉइंट (स्पार्कची वेळ ठरवणारा उघडझाप करणारा स्विच) आणि कंडेन्सर दिसले तर पॉइंटची गाडी, नाहीतर सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंटच्या दोन गाड्यांमध्ये कंडेन्सर उसना देता येतो. अगदी बुलेटचासुद्धा बाहेरून वायरने जोडून जावा घरापर्यंत येते, कारण हे कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचेच असतात. सीडीआयवाल्याला मात्र यातले काही उपयोगाचे नाही, त्याचे युनिट गेले तर दुसरे युनिटच लागते.

तिसरी, ६ व्होल्ट की १२ व्होल्ट. बॅटरीच्या झाकणाच्या बुचांवरून कळते : तीन बुचे म्हणजे ६, सहा म्हणजे १२. सीलबंद बॅटरी असेल तर वर छापलेले वाचा. बॅटरी-कॉइलच्या गाडीची बॅटरी पार बसली तर ढकलूनही स्पार्क येत नाही. शेजारची गाडी ६ व्होल्टची असेल तर तिची बॅटरी लावून चालू करता येते. १२ची लावली तर बल्ब उडतात आणि कॉइल तापते. बाहेरून किट बसवून ६ची १२ केली असेल तर तेही लिहा.

बुलेटवाल्यांनी इंजिन कास्ट आयर्नचे आहे ना, गिअर उजवीकडे आहे की डावीकडे केला आहे, एवढे कळवावे. आरडीवाल्यांनी एचटी (हाय टॉर्क) की एलटी (लो टॉर्क) आणि ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप तेल देणारा, पंप चालू आहे की काढून टाकून तेल थेट पेट्रोलमध्ये घालता, हे. पंप काढलेल्या आरडीत टाकी भरताना तेल घालायचे विसरणारे आम्हाला दर पावसाळ्याआधी भेटतात, पिस्टन हातात घेऊन.

‘वेग’ या रकान्याबद्दल. तिथे ११० लिहू नका. तासभर सपाट रस्त्यावर गाडीला त्रास न देता जो वेग धरता तो लिहा. आमच्या वहीत तीन गट आहेत : ४५-५० (राजदूत १७५ आणि म्हाताऱ्या झालेल्या इतर), ५५-६५ (जावा, येझदी, कास्ट आयर्न बुलेट) आणि ८०च्या पुढे (आरडी). वेगाच्या बाबतीत खोटे बोललेला माणूस पहिल्या रविवारी इतरांना धाब्यावर अर्धा तास बसवतो, नाहीतर त्यांच्या मागे धावताना स्वतःची गाडी जाम करून घेतो (तापून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो). दुसरी तऱ्हा जास्त.

नवीन बोअर झालेल्या, म्हणजे सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवलेल्या, गाडीचे नाव आम्ही पेन्सिलीने लिहितो. १,००० किलोमीटर झाल्यावर पेनाने. यावर काही ग्राहक रागावतात, पण कारण ऐका. नव्या पिस्टन-रिंगला पहिले ५०० किलोमीटर ४०-४५च्या वर नेऊ नये आणि एकाच वेगात फार वेळ ठेवू नये. चार गाड्यांच्या मागे धावताना हे पाळणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही. दहा-पंधरा किलोमीटरला थांबून हेड गार होऊ द्या, या काळात टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल १:२० म्हणजे लिटरला ५० मिली घाला. पुढे जुन्या जावा-येझदीला १:२५, लिटरला ४० मिली. ५ लिटर पेट्रोलला २०० मिली, हे पाठच करा. अंदाजाने ‘थोडे जास्तच’ ओतले तर प्लग काळा होतो, सायलेन्सर चोंदतो; कमी पडले तर बोअर पुन्हा आमच्याकडे. पेट्रोल भरण्याआधी तेल घाला म्हणजे नीट मिसळते. प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा, कारण दोन गाड्यांचे प्रमाण सारखे असेलच असे नाही.

गाडी जाम होण्याआधी सांगते. आवाज बसका होतो, ताकद कमी पडते, कोणी मागे ओढल्यासारखे वाटते. त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. अजून थोडे रेटून पाहिले की पाच हजारांच्या कामाचे पंधरा हजार होतात.

घाट उतरतानाची चूक वेगळी. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळते. आंबा किंवा आंबोली घाट अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून, गिअरवर इंजिन फिरवत उतरला तर इंजिन फिरते भरपूर आणि तेल मिळते थेंबभर. अधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर थोडा उघडा. ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट. आणि घाटात ‘जरा तुझी बुलेट चालवून बघू’ नको. उजवा पाय ब्रेक शोधतो आणि तिथे गिअर असतो.

कुठे भेटायचे हेही विचारले जाते. पहिल्या भेटीला कोणालाही एका बाजूने ८० किलोमीटरपेक्षा जास्त पडू नये, असा आमचा हिशेब. लातूर आणि सोलापूरच्यांनी तुळजापूर, कराड आणि चिपळूणच्यांनी पाटण किंवा कुंभार्ली घाटाचा माथा, कोल्हापूर आणि बेळगावच्यांनी निपाणी, नागपूर-अमरावतीच्यांनी कारंजा (घाडगे). नकाशावर सरळ दिसतो म्हणून रस्ता धरू नका : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू, तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणेवाल्यांनी खंडाळ्याचा जुना रस्ता घ्यावा. पुण्याहून साताऱ्याला जुन्या रस्त्याने जाताना खंबाटकी घाट चढावा लागतो, जुना बोगदा परतीच्या वाटेला आहे. तेव्हा तापलेल्या इंजिनाने थेट घाटाला लागण्यापेक्षा शिरवळला चहा घ्या. ६ व्होल्टच्या दिव्यावर रात्रीचा प्रवास ठरवू नका, सूर्य मावळायच्या आत घर.

कागदपत्रांबद्दल थोडेच, पण ते वाचा. १५ वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी लागते. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर फॉर्म ३१ भरून आधी नावावर करून घ्या. अपघात झाला तर विम्याचा घोळ तिथेच सुरू होतो. पन्नाशी उलटलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घेता येतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला ५,०००. ऐकायला छान वाटते. पण त्या नंबरावर गाडी फक्त प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी मिसळ खायला निघणाऱ्यांनी चालू असलेला नेहमीचा नंबर सोडायच्या आधी दोनदा विचार करावा. व्हीएवाल्यांची आम्ही वेगळी नोंद ठेवतो आणि त्यांना रॅलीपुरतेच कळवतो.

“सगळी वहीच व्हॉट्सअॅपवर टाका ना, आम्ही आमचे बघून घेऊ,” हा आग्रह रोजचा आहे. टाकणार नाही. जुन्या गाडीचा पत्ता म्हणजे दलालाला आयते गिऱ्हाईक आणि चोराला आयता वाडा. आम्ही आधी समोरच्याला फोन करतो, त्याने हो म्हटले तरच दोघांचे नंबर एकमेकांना देतो. याला दोन-तीन दिवस लागतात. माहिती पूर्ण असेल तर एकाच दिवसात होते.

तर पाठवायचे एवढेच : आरसीवरचे मॉडेल आणि वर्ष, टायरच्या आकड्याचा फोटो, उजवे कव्हर काढलेला फोटो, बॅटरीचा फोटो, खरा वेग, बोअर कधी झाला, आणि कोणत्या तालुक्यातून निघणार. इंजिन आणि चॅसिस नंबर आम्हाला नको. फोटोत आला तर बोटाने झाका.

कव्हर काढायला जमत नसेल तर गाडी घेऊन या. तपासणीला पाऊण तास लागतो. त्यात आम्ही टायमिंग, पॉइंट गॅप (जावाला ०.४ मिमी), प्लग, दोन्ही बाजूंचे क्रँक ऑइल सील, क्लच केबल आणि ब्रेक बघतो. सीलचे विशेष सांगतो. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो आणि लोक त्याला बोअर गेला समजून इंजिन खोलायला सांगतात. सीलचे काम बोअरच्या कामापेक्षा बरेच स्वस्त. दुसऱ्या बाजूचे गेले तर आत हवा शिरते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल-तेल कमी) आणि लांबच्या प्रवासात गाडी जाम होते, तीही धुराची सूचना न देता. एकट्याने गावात फिरताना हे कळत नाही, सोबतीने ८० किलोमीटर गेल्यावर कळते.

रस्त्याची पिशवी आमच्याकडे तयार मिळते : दोन प्लग, पॉइंट-कंडेन्सर, ०.४ची फिलर पत्ती, क्लच आणि अॅक्सिलरेटर केबल, चेन लॉक (साखळीची जोडकडी), फ्यूज, पेट्रोलच्या कॉकचे वॉशर आणि १६ची किंवा १८ची ट्यूब. वॉशर मुद्दाम घातले आहेत. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि कॉक गळू लागतो. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. पिशवी बाहेर जमवलीत तरी आमची हरकत नाही, फक्त कंडेन्सर चालून पाहिलेला असू द्या. नव्या डबीतले नवे कंडेन्सर बंद निघण्याचे प्रमाण चांगलेच आहे. आम्ही प्रत्येक कंडेन्सर गाडीवर लावून बघूनच पिशवीत घालतो, म्हणून ती थोडी महाग पडते.

जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा दिवस. नेमका भर पावसात येतो आणि नेमक्या आदल्या शुक्रवारी पन्नास जणांना सोबती हवा असतो. त्या आठवड्यात आम्ही नवी नोंद घेत नाही. १५ जूनपर्यंत फोटो पाठवा. पॉइंटच्या कव्हरच्या कडेने ग्रीसचा हात फिरवून घ्यायचा असेल तर गाडीही तेव्हाच आणा, सोमवार सोडून कधीही.