मिनेसोटाच्या डोक्यावरचं टेंगूळ

लेक ऑफ द वुड्स या सरोवरापासून पश्चिमेला अमेरिका-कॅनडा सीमा ४९ अक्षांशावरून पट्टीने आखल्यासारखी जाते. सरोवरापाशी मात्र मिनेसोटा राज्याच्या डोक्यावर टेंगूळ आलेलं दिसतं. याचं नाव नॉर्थवेस्ट अँगल. तिथून मोटारीने उरलेल्या मिनेसोटात यायचं तर वाटेत कॅनडा लागतो!

हे १७५५च्या एका नकाशाचं देणं आहे. जॉन मिचेल या डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञाने तो लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १७८३च्या पॅरिस तहात नव्या देशाच्या, म्हणजे अमेरिकेच्या, सीमा त्यावरूनच ठरल्या. तहात लिहिलं गेलं: सरोवराच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेला, मिसिसिपी नदीपर्यंत. पण मिसिसिपी उगम पावते त्या टोकाच्या सुमारे २४० किलोमीटर दक्षिणेला. मिचेलने मात्र फसवलं नव्हतं. उगम अजून ठाऊक नाही, ५० अक्षांशाच्या आसपास असावा, असं त्याने नकाशावरच नोंदवलं होतं.

जुने नकाशाकार अडाणी होते, हा समज मला खटकतो. अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून मिळतो. रेखांशासाठी दोन ठिकाणांच्या वेळांतला फरक लागतो. नागपूरला सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी माथ्यावर येतो, कारण रेखांशांत सहा अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं. पण जंगलात ग्रिनिचची वेळ कळायची कशी? चंद्रावरून! तो ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. चंद्र आणि ठरावीक तारा यांतलं कोनीय अंतर मोजायचं, वातावरणातलं वक्रीभवन आणि चंद्राचा पराशय (पाहणाऱ्याची जागा बदलली की चंद्र ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो, तो फरक) वजा करायचा, मग चंद्राच्या स्थानांच्या छापील कोष्टकात ग्रिनिचची वेळ शोधायची. मोजताना चंद्राच्या रुंदीच्या तिसाव्या भागाची चूक झाली, की वेळ दोन मिनिटांनी चुकते, रेखांश अर्ध्या अंशाने, आणि ४९ अक्षांशावर जागा ३६ किलोमीटरने. शिवाय ही कोष्टकं १७६७ सालापासूनची. मिचेलला ती मिळालीच नाहीत.

तहात लेक सुपीरियरमधल्या फेलिपो बेटाचंही नाव आहे. असं बेटच नाही! जुन्या नकाशांतली बेटं दाखवून 'बुडालेल्या संस्कृती'चे मेसेज पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

१७९८मध्ये डेव्हिड थॉम्पसन या नकाशाकाराने मोजमापं घेऊन मिसिसिपीचा उगम बराच दक्षिणेला असल्याचं दाखवलं. १८१८मध्ये तोडगा निघाला: वायव्य टोकापासून उत्तर-दक्षिण रेषेने ४९ अक्षांशावर यायचं, मग पश्चिमेला वळायचं. ते टोक नेमकं कुठे, हे तेव्हाही कुणी मोजलेलं नव्हतं. १८२५मध्ये टिआर्क्स या खगोलशास्त्रज्ञाने मोजलं तेव्हा ते ४९ अंश २३ मिनिटांवर निघालं. तिथून दक्षिणेला उतरणाऱ्या रेषेने सरोवरापलीकडची सुमारे ३०० चौरस किलोमीटर जमीन कॅनडापासून कापून अमेरिकेला दिली.