संतांची काचचित्रे

पॅरिश चर्चच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या चर्चच्या खिडक्यांत रंगीत काचेचे तुकडे जोडून साकारलेली संतांची चित्रे. ती दिसायला उजेड आरपार यावा लागतो. भर दुपारी बाहेरून पाहिल्यास तीच खिडकी काळपट, शिशाच्या रेघांचे जाळे वाटते.

यांतले संत चेहऱ्यावरून सहसा ओळखू येत नाहीत. दाढीवाले प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, तर बहुतेक एकसारखेच. ओळख पटते ती लांछनावरून, म्हणजे त्या संताच्या हातातल्या किंवा जवळच्या खुणेच्या वस्तूवरून. पेत्राच्या हाती किल्ल्या, पौलाच्या हाती तलवार, बार्बराजवळ मनोरा. हुतात्म्यांचे लांछन पुष्कळदा त्यांच्या छळाचे साधनच असते: लॉरेन्सची लोखंडी जाळी, कॅथरिनचे चाक. लूसी आपले डोळे तबकात घेऊन उभी असते आणि चेहऱ्यावरही तिचे दोन्ही डोळे शाबूत असतात. याचे कोडे चित्रकारांना पडलेले दिसत नाही.

रंग काच वितळवतानाच मिसळतात. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा. तांब्याचा लाल इतका गडद येतो, की पांढऱ्या काचेवर त्याचा पातळ थर चढवावा लागतो. तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून सांधे डाक देऊन जोडतात. नाकडोळे आणि वस्त्रांच्या चुण्या मात्र धातूचे ऑक्साइड व काचेची पूड यांच्या काळसर रंगाने काढून भट्टीत भाजतात. भाजणी कच्ची राहिली तर हा रंग कालांतराने उडतो. चेहरा पुसट होतो, किल्ली तेवढी उरते. सुमारे १३०० पासून चांदीच्या संयुगाने पिवळी छटा देता येऊ लागली आणि चेहरा, सोनेरी केस व तेजोवलय एकाच तुकड्यावर मावले.

इंग्लंडमध्ये चित्रपूजा नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात, १५४७ च्या राजाज्ञेने खिडक्यांतल्या चित्रांवरही गदा आली, १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग या कडव्या प्युरिटन पंथीयाने सफक व केंब्रिजशरमधील चर्चे धुंडाळून अशी चित्रे फोडवली. ग्लॉस्टरशरमधील फेअरफर्डच्या चर्चमध्ये मात्र १५०० ते १५१७ च्या सुमाराच्या २८ खिडक्यांचा संच टिकला. तिथे बारा प्रेषितांजवळ श्रद्धासूत्राचे, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या संक्षिप्त कबुलीचे, एकेक वाक्य आहे. वरच्या रांगेत एका बाजूला हुतात्मे आणि समोर त्यांचे छळकर्ते, डोक्यावर सैतानांसह.

अन्यत्र जुने अवशेष गोळा करून जोडलेल्या खिडक्या आढळतात. एकाच्या धडाला दुसऱ्याचा हात. लांछनाचा तुकडा आणि पायाशी असलेली नावाची पट्टी दोन्ही हरवली असतील, तर तो संत कोण हे सांगणे कठीण होते.