सगळी घरं 20 किलोमीटरवर

घरी फायबरचं कनेक्शन घेतलेल्या बहुतेकांची एक पक्की समजूत असते. एक्स्चेंजमधून काचेची एक तार निघते, ती थेट आपल्या घरात येते आणि तिच्यातला प्रकाश फक्त आपला असतो. तांब्याच्या टेलिफोनबाबत हे खरं होतं. प्रत्येक घराची स्वतःची तारांची जोडी एक्स्चेंजपर्यंत जायची. घरगुती फायबरचं बहुतेक ठिकाणी तसं नसतं. तुमच्या भिंतीवरच्या डब्यात शिरणारा प्रकाश आजूबाजूच्या आणखी 31 किंवा 63 घरांतही पोचत असतो, आणि परत जाताना या सगळ्या घरांचा प्रकाश एकाच काचेच्या तंतूत शिरतो. मग तिथे गोंधळ कसा होत नाही? या तंत्रातला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर एक्स्चेंजमधल्या रॅकवर बसवलेल्या एका यंत्रात आहे. ते यंत्र कोऱ्या अवस्थेतून कामाला कसं लागतं ते पाहिलं की उत्तर आपोआप उलगडत जातं.

या यंत्राला ओएलटी म्हणतात, ऑप्टिकल लाइन टर्मिनल. घरातला डबा तो ओएनटी. दोघांच्या मधल्या जाळ्याला जीपॉन (पॉन म्हणजे पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क, वाटेत वीज न लागणारं प्रकाशाचं जाळं) हे नाव आहे आणि त्याचे नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.984 या शिफारशींत दिलेले आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या पहिल्या टप्प्यात हीच रचना वापरली गेली. तालुक्याच्या बीएसएनएल एक्स्चेंजमध्ये ओएलटी, आणि गावच्या ग्रामपंचायतीत ओएनटी. सी-डॉट या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जीपॉनची यंत्रं देशातच विकसित केली, हेही आवर्जून सांगण्यासारखं.

रॅक 19 इंच रुंदीचा असतो आणि यंत्रांची उंची ‘यू’ या मापात मोजतात. 1 यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. यंत्र स्क्रूंनी पक्कं बसवलं की सर्वांत आधी अर्थिंगची तार जोडायची, वीज त्यानंतर. एक्स्चेंजमधली ही वीज आपल्या घरासारखी 230 व्होल्टची नसते. ती असते उणे 48 व्होल्ट, डीसी. 2 व्होल्टच्या 24 शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की 48 व्होल्ट होतात. त्या कायम चार्जवर असतात, त्यामुळे मल्टिमीटरवर आकडा 54 च्या आसपास दिसतो. पण उणे का? कारण टेलिफोनच्या तारा ओल्या जमिनीतून जायच्या. तार जमिनीच्या तुलनेत धन असेल तर विद्युत-रासायनिक क्रियेने तांब्याचे अणू आयन होऊन सुटू लागतात आणि तार झिजते. तार ऋण ठेवली की ही झीज रोखली जाते. म्हणून बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडायची पद्धत पडली. आता तारेऐवजी काच आली, काचेला गंज चढत नाही, तरीही एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या आणि त्यांना चार्ज करणारे रेक्टिफायर त्याच पद्धतीचे राहिले. नव्या माणसाची इथे हमखास चूक होते ती धन-ऋण उलटं जोडण्याची, त्यामुळे एमसीबी वर करण्याआधी मीटर लावून पाहणं हा नियमच आहे.

एमसीबी वर केला की पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरू लागतात. यंत्र किती तापलंय हे वाचणारा प्रोग्राम अजून जागा झालेला नसतो, म्हणून तोपर्यंत सर्वांत सुरक्षित वेग दिलेला असतो. फ्लॅश मेमरीतला एक छोटा प्रोग्राम उठतो, मेमरी तपासतो, मुख्य सॉफ्टवेअर उलगडून मेमरीत भरतो आणि सूत्रं त्याच्याकडे देतो. पंखे मंदावले की ते झालं असं समजायला हरकत नाही.

यंत्र उठलं, पण त्याला अजून पत्ता नाही. नेटवर्कवर पत्ता नसलेल्या यंत्राशी नेटवर्कवरून बोलता येत नाही. म्हणून पहिलं बोलणं कन्सोल केबलने, लॅपटॉप थेट जोडून होतं. ही जोडणी आरएस-232 या 1960 साली आलेल्या मानकावर चालते आणि पुष्कळदा तिचा वेग सेकंदाला फक्त 9600 बिट असतो. अब्जावधी बिट हाकणाऱ्या यंत्राशी पहिली ओळख या वेगाने होते, कारण या जोडणीसाठी यंत्रावर नेटवर्कची काहीच जुळवाजुळव झालेली असावी लागत नाही. यंत्र अर्धमेलं असलं तरी ती चालते. तिच्यावरून यंत्राला व्यवस्थापनाचा आयपी पत्ता द्यायचा, घड्याळ लावायचं, वरच्या बाजूच्या, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या पोर्टवर कुठला व्हीलॅन (एकाच तारेतून वेगळी ठेवलेली वाहतूक) जाणार ते सांगायचं. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. 2016 साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला फार हुशारी करावी लागली नव्हती. कोणी न बदललेले कारखान्याचे पासवर्ड त्याने ओळीने वापरून पाहिले, एवढंच. शेवटी हे सगळं सेव्ह करायचं. दिलेल्या आज्ञा आधी चालू मेमरीत राहतात, वीज गेली की त्या पुसल्या जातात.

इथपर्यंत हे कुठल्याही नेटवर्क यंत्रासारखंच झालं. आता घरांकडे जाणाऱ्या पॉन पोर्टमध्ये लेझरचं मॉड्यूल बसवून पॅच कॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी दोरी, जोडू.

पोर्टमधून 1490 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. तो अवरक्त आहे, डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. उघड्या टोकात कधीही डोकावून पाहू नये ते याचसाठी. समजा 2 मिलिवॉट प्रकाश निघाला. वाटेत खांबावर किंवा इमारतीच्या तळाशी एक स्प्लिटर असतो. त्याला वीज लागत नाही. तो काचेतल्या प्रकाशाचे सरळ 32 वाटे करतो. वाटे, 10 किलोमीटर काच आणि जोड यांत मिळून सुमारे 22 डेसिबल (प्रकाशाची घटही याच मापात मोजतात) घट धरली, तर घरात पोचतो साधारण 12 मायक्रोवॉट, म्हणजे मूळच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढा पुरतो. या वर्गाच्या यंत्रांत 28 डेसिबलपर्यंतची घट चालते.

हा हिशोब मोडायला धुळीचा एक कण पुरेसा असतो. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याचा व्यास जेमतेम 9 मायक्रॉन असतो. दसऱ्याला अनेक ठिकाणी रॅकला हार घालून हळद-कुंकू वाहतात, दारावर लिंबू-मिरची टांगतात. यंत्राबद्दलची कृतज्ञता मी समजू शकतो, पण हळदीचा एक कण त्या गाभ्याहून कितीतरी मोठा असतो आणि पंखे तो नेमका आत ओढतात. यंत्राला दृष्ट लागत नाही. त्याला धूळ, उष्णता आणि ढिली अर्थिंग या तीनच गोष्टी बाधतात. झाकणं बंद ठेवणं आणि टोक जोडण्याआधी पुसणं हीच त्याची पूजा.

ओएलटीकडून घरांकडे जाणं तसं सोपं. सगळा प्रकाश सगळ्यांना मिळतो, प्रत्येक ओएनटी आपल्या नावाचं तेवढं उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. शेजाऱ्याने तुमचं वाचू नये म्हणून त्या माहितीला 128 बिटांच्या किल्लीचं कुलूप लावता येतं. किल्ली ओएनटी तयार करतो आणि वर, म्हणजे ओएलटीकडे, पाठवतो, कारण वर जाणारा प्रकाश स्प्लिटरमधून फक्त ओएलटीकडे जातो, शेजाऱ्याकडे वळत नाही.

अवघड आहे तो परतीचा प्रवास. घरांकडून येणारा प्रकाश 1310 नॅनोमीटरचा असतो आणि सगळ्यांचा सारखाच. दोन घरं एकाच वेळी बोलली तर ओएलटीला दोघांचंही कळणार नाही. म्हणून पाळ्या लावल्या आहेत. काळाचे 125 मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडलेत, त्यांना फ्रेम म्हणतात. एका फ्रेममध्ये वरच्या दिशेने 1,55,520 बिट मावतात. ‘या फ्रेममध्ये तू अमुक बिटापासून तमुक बिटापर्यंत बोल’ हे ओएलटी प्रत्येक घराला आधी सांगतं.

पण नुसत्या पाळ्या लावून भागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक लांबलचक रस्त्यावर विखुरलंय आणि तुम्ही एका टोकाला उभे आहात, असं समजा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 340 मीटरवरच्या ढोलाचा ठोका तुम्हाला एक सेकंद उशिरा ऐकू येणार. सगळ्यांनी अचूक घड्याळ पाहून आपापल्या सेकंदाला ठोका दिला, तरी लांबच्याचा ठोका जवळच्याच्या ठोक्यावर येऊन आदळेल. तुमच्या कानात ठोके ओळीने यायला हवे असतील, तर प्रत्येक वादक किती लांब आहे हे मोजून जवळच्यांना तेवढं थांबवावं लागेल.

ओएलटी नेमकं हेच करतं. काचेत प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. 20 किलोमीटरवरच्या घरी जाऊन परत यायला 200, आणि 3 किलोमीटरवरच्या घराला 30. मग ओएलटी जवळच्या घराला सांगतं, ‘तू उत्तर देण्याआधी 170 मायक्रोसेकंद जास्त थांब.’ 18 किलोमीटरवरच्याला सांगतं, ‘तू 20 थांब.’ सगळ्यांची बेरीज 200. ओएलटीच्या दृष्टीने आता गावातलं प्रत्येक घर बरोबर 20 किलोमीटरवर आहे. हा थांबा एका मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे घरातल्या माणसाला तो जाणवण्याचा प्रश्नच नाही.

हे अंतर मोजतात कसं? तुमचा डबा चालू होतो तेव्हा तो आधी गप्प बसून फक्त ऐकतो आणि ओएलटीच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवतो. ओएलटी मधूनमधून बाकीच्या सगळ्यांना काही काळ शांत ठेवतं, 20 किलोमीटरच्या जाळ्यात सुमारे 250 मायक्रोसेकंद, आणि विचारतं, ‘कोणी नवीन आहे का?’ नवा डबा आपला अनुक्रमांक सांगतो. चार अक्षरं उत्पादकाची, पुढे त्याचा स्वतःचा नंबर. वीज गेली आणि परत आली की एकदम वीस-तीस डबे जागे होतात. सगळे एकाच क्षणी ओरडू नयेत म्हणून प्रत्येक जण 0 ते 48 मायक्रोसेकंदांतला मनाला येईल तेवढा वेळ थांबून बोलतो. तरी दोन आवाज एकमेकांवर आदळलेच, तर पुढच्या खेपेला दोघं पुन्हा नव्याने प्रयत्न करतात. अनुक्रमांक ऑपरेटरच्या यादीत असला की ओएलटी त्या डब्याला एक छोटा क्रमांक देतं, मग पुन्हा शांतता करून फक्त त्यालाच हाक मारतं आणि उत्तर यायला लागलेला वेळ मोजतं. थांबायचा आकडा ठरला की तो कळवतं. बहुतेक डब्यांवर ‘पॉन’ लिहिलेला दिवा आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो, तो या सगळ्या देवाणघेवाणीनंतर.

किती अचूक मोजावं लागतं बघा. वर जाणाऱ्या एका बिटाचा काळ 0.8 नॅनोसेकंद, म्हणजे काचेत त्या बिटाची लांबी फक्त 16 सेंटिमीटर. दोन घरांच्या बोलण्यात 32 बिटांची मोकळी जागा सोडलेली असते, म्हणजे सुमारे 26 नॅनोसेकंद. आता मे महिन्यातली खांबावरची केबल डोळ्यांसमोर आणा. काच तापली की प्रकाश तिच्यातून किंचित सावकाश जातो. 20 किलोमीटर केबल पहाटेपासून दुपारपर्यंत 30 अंशांनी तापली, तर एका दिशेलाच सुमारे 24 नॅनोसेकंदांचा फरक पडतो. जाण्यायेण्याचा हिशोब केला तर ती मोकळी जागा कधीच संपली! म्हणून ओएलटी एकदाच मोजून थांबत नाही. प्रत्येक घराचा प्रकाश ठरल्या जागेपासून किती बिट सरकलाय यावर ते सतत नजर ठेवतं आणि थांब्याचा आकडा हळूहळू दुरुस्त करत राहतं. ऊन चढतं आणि उतरतं, तसतसे हे आकडे बदलतात.

जवळच्या घराचा प्रकाश प्रखर आणि लांबच्याचा क्षीण, हीही अडचण असते. दोघांत तीसपट फरक असू शकतो, आणि ओएलटीतल्या प्रकाश टिपणाऱ्या रिसीव्हरला काही नॅनोसेकंदांत आपली संवेदनशीलता एकाकडून दुसऱ्याकडे वळवावी लागते. पाळी नसताना घरच्या लेझरने पूर्ण विझायचं असतं. एखाद्याचा लेझर बिघडून पेटलेलाच राहिला, तर त्या पोर्टवरची सगळी घरं बंद पडतात आणि दोषी डबा शोधायला तंत्रज्ञाला एकेक फांदी सुटी करून पाहावी लागते.

डब्याची वीज जाते तेव्हा त्याच्यातल्या कपॅसिटरमध्ये थोडी ऊर्जा उरते. तेवढ्यात बरेच डबे ‘माझी वीज गेली’ असा शेवटचा निरोप पाठवतात. त्यावरून एक्स्चेंजमधल्या माणसाला खुर्चीतून न उठता कळतं, की गावात दिवे गेलेत की रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली. केबल तुटली तर असा निरोप येत नाही.

‘प्रकाशाच्या वेगाचं इंटरनेट’ अशा जाहिराती दिसतात, त्याबद्दलही एक सांगायला हवं. काचेत प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर जातो, निर्वातातल्या वेगाच्या दोनतृतीयांश. नेटवर्कच्या तांब्याच्या केबलमधला संदेशही जवळपास त्याच वेगाने धावतो. फायबर सरस ठरतं ते दोन कारणांनी: काचेत संदेश फार कमी क्षीण होतो, आणि एका सेकंदात कितीतरी जास्त बिट मावतात.

आता अनेक एक्स्चेंजमध्ये त्याच रॅकवर एक्सजीएस-पॉन या जीपॉनच्या पुढच्या, वेगवान पिढीची नवी कार्डं बसू लागली आहेत. ती खालच्या दिशेला 1577 आणि वरच्या दिशेला 1270 नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, त्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही जाळी एकाच काचेतून एकमेकांना न अडवता चालतात. दोन्ही दिशांना वेग सेकंदाला सुमारे 10 अब्ज बिट. शांतता करून हाक मारणं, वेळ मोजणं, जवळच्याला थांबवणं ही रीत तीच राहिली आहे. फक्त वर जाणारा बिट आता काचेत 16 ऐवजी 2 सेंटिमीटरचा झालाय, आणि मोजणीही त्याच प्रमाणात बारीक करावी लागते.