लघवी पिऊन तहान भागत नाही

वाळवंटात अडकलेल्यांच्या हकिकतींत एक वाक्य हमखास भेटतं, 'लघवी पिऊन जीव वाचला.' शरीरशास्त्राला हे अजिबात मान्य नाही.

१८१५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी कप्तान जेम्स रायलीचं 'कॉमर्स' हे जहाज पश्चिम सहाराच्या किनाऱ्यावर फुटलं. वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांनी खलाशांना गुलाम केलं. घशाला कोरड पडली तेव्हा त्यांनी स्वतःची आणि उंटांचीही लघवी प्यायली.

आता मूत्रपिंडात डोकावू. तिथली प्रत्येक सूक्ष्म नलिका केसात घालायच्या आकड्यासारखी वळलेली असते; या वळणाला हेन्लेचा पाश म्हणतात. वर जाणारी बाजू मीठ बाहेर फेकते, पण पाणी सोडत नाही. खाली येणारी बाजू पाणी सोडते. दोन्ही प्रवाह शेजारून उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे प्रत्येक पातळीवरचा छोटासा फरक साचत जातो आणि मूत्रपिंडाचा आतला भाग रक्ताच्या चौपट खारट होतो. लघवी शेवटी याच खारट भागातून उतरते. शरीराला पाणी कमी पडलं की मेंदूकडून आलेलं संप्रेरक नळीच्या भिंतीतली पाण्याची दारं उघडतं आणि पाणी परत खेचलं जातं. अतिशय सुंदर रचना आहे ही!

पण चौपट ही माणसाची कमाल मर्यादा. म्हणजे तहानलेल्याची लघवी म्हणजे शरीराने आधीच पिळून घेतलेलं पाणी. ती प्यायली की त्यातले क्षार पुन्हा बाहेर टाकायला तेवढंच पाणी लागतं. हाती शून्य. उंटाची लघवी तर माणसाच्या दुपटीहून घट्ट होऊ शकते, म्हणजे ती पिणं निव्वळ तोटाच. तिला औषध म्हणून विकणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. उंटांकडून माणसांत येणाऱ्या, श्वसनाचा आजार करणाऱ्या मर्स विषाणूमुळे जागतिक आरोग्य संघटनेनेही ती पिऊ नये असंच सांगितलंय.

मग या कैद्यांना पाणी मिळालं कुठून? क्वचित लागलेल्या विहिरींतून आणि सांडणीच्या दुधातून. सांडणी स्वतः तहानलेली असतानाही तिचं दूध आटत नाही, उलट त्यातलं पाण्याचं प्रमाण वाढतं, असं प्रयोगांत दिसलंय.

त्या घोटांनी तहान कशीबशी भागली, भूक नाही. ब्रिटिश प्रतिनिधी विल्शायरने खंडणी भरून रायली आणि चौघा सोबत्यांना मोरोक्कोतल्या मोगादोर बंदरात सोडवून आणलं, तेव्हा १०९ किलोंचा हा कप्तान, त्याच्याच नोंदीनुसार, ४१ किलोंचाही उरला नव्हता.