दोन्ही भोकांत टेस्टर पेटला म्हणजे डबल फेज आला असं नाही

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की कोणीतरी हमखास ओरडतं, डबल फेज आलाय, सगळं जळणार! अहो, दोन्ही वायरींत वेगवेगळे फेज (करंट आणणाऱ्या वायरी) आले तर तो डबल फेज; बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटलेला असतो, बस. होतं काय, घरात कुठेतरी पंखा नाहीतर बल्ब चालूच राहिलेला असतो, फेज त्याच्यातून न्यूट्रलच्या वायरीत उतरतो आणि पुढे जायला वाटच नाही, मग ती वायरही टेस्टर पेटवते, आणि टेस्टरला काय, नखभर करंट पुरतो. सगळे स्विच बंद करून प्लग काढा, दुसऱ्या भोकात टेस्टर विझला तर न्यूट्रलच गेलाय. पण तोपर्यंत ती वायर शॉक देते हां, हात लावू नका.

मल्टीमीटर असेल तर पंखा चालू ठेवून दोन भोकांत मोजा: 230 व्होल्टच्या आसपास म्हणजे ठीक, जवळपास शून्य म्हणजे न्यूट्रल तुटलाय, 400 च्या घरात असेल तरच खरा डबल फेज.

बिल्डिंगच्या थ्री फेज मेनचा, म्हणजे तीन फेज आणणाऱ्या मुख्य लाइनचा, न्यूट्रल सुटला तर मात्र गंमत नाही, एका घरात बल्ब मिणमिणतो, शेजाऱ्याचा टीव्ही जळतो, तिथे आधी मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा.