फुप्फुसातली तुंबलेली मोरी

ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून केलेली तपासणी, करताना फुप्फुसाच्या एका भागात थोडं सलाइन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. एरवी बाटलीत जवळपास स्वच्छ पाणी येतं. क्वचित एखाद्या रुग्णाचं पाणी मात्र तांदळाच्या धुवणासारखं पांढरट येतं, आणि बाटली तशीच ठेवली की तळाशी साका बसतो. हे पाणी पाहिलं की डॉक्टरांना एक लांबलचक नाव आठवतं: पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस, थोडक्यात पीएपी. दहा लाख लोकांमागे साधारण सहा-सात रुग्ण, इतका हा दुर्मीळ.

रोझन, कॅसलमन आणि लीबो या तिघांनी 1958 साली 27 रुग्णांवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. नाव थोडं फसवंच आहे. नावात प्रोटीन असलं, तरी वायुकोशांत साठलेल्या ऐवजात जास्त असते ती चरबी. हा ऐवज बाहेरून आलेला नसतो. श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून फुप्फुस स्वतःच एक बुळबुळीत थर तयार करतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. जुना सर्फॅक्टंट खाऊन टाकायचं काम मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशींचं. पीएपीमध्ये नळ नेहमीसारखाच चालू असतो, मोरी तेवढी तुंबते.

मोरी का तुंबते, हे कळलं ते उंदरांमुळे, आणि तेही अनपेक्षितपणे. जीएम-सीएसएफ हे प्रथिन रक्तपेशींच्या वाढीसाठी महत्त्वाचं मानलं जायचं. 1994 साली संशोधकांच्या दोन गटांनी ते तयार न करू शकणारे उंदीर जन्माला घातले. रक्तात मोठा बिघाड दिसेल अशी अपेक्षा होती. रक्त बहुतांशी ठीक निघालं आणि फुप्फुसं मात्र सर्फॅक्टंटने भरलेली! मॅक्रोफेजला ‘सफाई कर’ असं सांगणारा निरोप म्हणजेच जीएम-सीएसएफ. पुढे 1999 मध्ये जपानच्या को नाकाता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णांच्या शरीरात हा निरोप तयार होतो, पण त्यांच्याच प्रतिपिंडांनी (अँटिबॉडीजनी) तो वाटेत अडवलेला असतो. सुमारे 90 टक्के रुग्णांत कारण हेच. मला या आजाराचं नवल वाटतं ते इथे: रोगप्रतिकारशक्ती फुप्फुसावर हल्ला करत नाही, फक्त पत्र पोहोचू देत नाही.

म्हणूनच हा आजार ओळखायला अवघड. समजा, चाळिशीचा माणूस आहे. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला आहे, थकवा आहे. ताप नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना पांढरे डाग. आपल्याकडे अशी फिल्म पाहून पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो येणं गैरही नाही. घोटाळा होतो तो पुढे. थुंकीत जंतू सापडत नाही, तरी ‘असेलच’ म्हणून गोळ्या चालू होतात, आणि महिने उलटले तरी डाग जागचे हलत नाहीत. खरी खूण विसंगतीत असते: फिल्म पाहिली तर वाटावं माणूस अंथरुणाला खिळला असेल, आणि तो स्वतः चालत ओपीडीत आलेला असतो. छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाजही बऱ्याचदा साफ.

सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या नक्षीला ‘क्रेझी पेव्हिंग’ म्हणतात. जुन्या इमारतींच्या गच्चीवर फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवलेले असतात ना, अगदी तसं: धुरकट तुकडे, मधून रेघा, आणि शेजारी एकदम निरोगी फुप्फुस. मात्र नुसत्या नक्षीवर निदान करू नये. काही न्यूमोनियांत आणि फुप्फुसातल्या रक्तस्रावातही ती दिसते. दुधी पाणी प्रयोगशाळेतल्या पीएएस नावाच्या रंगाने गुलाबी होतं, तेव्हा संशय बळावतो. शिक्कामोर्तब करते ती रक्तातल्या जीएम-सीएसएफविरोधी प्रतिपिंडांची चाचणी. ती निगेटिव्ह आली, तर रक्ताचे आजार, सिलिकाची धूळ किंवा जन्मजात दोष, अशी दुसरी कारणं शोधावी लागतात.

निदान चुकल्याची किंमत मोठी असते. ‘इम्युनिटीचा आजार’ म्हटलं की हात स्टिरॉइडकडे जातो. इथे त्यांचा फायदा दिसत नाही, उलट संसर्गाचा धोका वाढू शकतो. भक्षकपेशी आधीच दुबळ्या झालेल्या असतात. नोकार्डिया नावाचे जंतू, बुरशी आणि हो, टीबीसुद्धा अशा फुप्फुसात शिरू शकतो. म्हणजे पीएपी ठरला म्हणून टीबीची तपासणी सोडता येत नाही.

फार दम लागत असेल, तर मोरी धुतात, शब्दशः. 1960 च्या दशकात रामिरेझ या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. रुग्णाला भूल देऊन एका फुप्फुसाने श्वास चालू ठेवतात, दुसऱ्यात कोमट सलाइन थोडंथोडं भरून छातीवर थापट्या देतात आणि काढून घेतात. एका बैठकीत पंधरा-वीस लिटर सहज लागतं. बाटल्या ओळीने मांडल्या, तर पहिली दुधासारखी आणि शेवटची जवळजवळ पाण्यासारखी.

धुण्याने साठा जातो, प्रतिपिंडं राहतात. काहींना पुन्हा धुवावं लागतं, काही मोजके आपोआप बरे होतात. अलीकडच्या चाचण्यांत जीएम-सीएसएफ वाफेवाटे हुंगायला दिल्यावर रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये सुधारणा दिसली. अडवलेला निरोप रक्ताच्या वाटेने न पाठवता थेट वायुकोशाच्या दारात नेऊन टाकायचा, असा त्यामागचा हिशेब.