मेंढीकोट

मेंढीकोट हा चार खेळाडूंनी दोन जोड्या करून ५२ पानांच्या कॅटने खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. प्रत्येकाच्या वाट्याला १३ पाने येतात, चौघांची चार पाने पडली की एक हात होतो आणि असे १३ हात झाले की डाव संपतो. मात्र नुसते हात गोळा करून येथे भागत नाही. चार रंगांच्या चार दश्श्यांना या खेळात मेंढ्या म्हणतात, आणि ज्या हातांत मेंढ्या पडतात ते हात पदरात पाडून घेणे हा खेळाचा गाभा आहे. तीन मेंढ्या मिळवणारी जोडी डाव जिंकते. मेंढ्या दोन-दोन वाटल्या गेल्या तर सात किंवा अधिक हात करणारी जोडी जिंकते. चारही एकीकडे गेल्या की दुसऱ्या जोडीवर कोट चढतो. तेराही हात गमावणे हा त्याहून मोठा पराभव असून त्याला बावन्न पानी कोट म्हणण्याची रीत आहे. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्हीकडे हा खेळ घरोघरी माहीत असल्यामुळे मुंबईत मराठी आणि गुजराती शेजारी एकाच डावाला सहज बसतात. वाद होतात ते बहुधा हुकमाच्या, म्हणजे इतर सर्व रंगांना कापणाऱ्या रंगाच्या, नियमांवरून.

पानांची उतरंड एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि मग नव्वीपासून दुर्रीपर्यंत अशी आहे. म्हणजे मेंढीच्या वर चार पाने आणि खाली आठ. एक्क्याला सांभाळावे लागत नाही आणि दुर्रीचे कोणाला सोयरसुतक नसते. मेंढी मात्र स्वतःच्या बळावर क्वचितच हात करते आणि तिला बेफिकिरीने टाकूनही चालत नाही. सर्वांत मोलाचे पान सर्वांत बलवान नसणे ही या खेळाची मोठी खुबी आहे. त्यामुळेच डावात भिडूला एवढे महत्त्व येते.

मुंबईत चाळींच्या गॅलऱ्या, गणपतीची जागरणे आणि लोकलचे डबे ही या खेळाची ओळखीची ठिकाणे. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे आहे, आणि रोज ठरलेली गाडी व ठरलेला डबा पकडणाऱ्यांना तेवढ्या वेळात बरेच डाव मांडता येतात. समोरासमोरच्या दोन बाकांवर दोघे-दोघे बसतात, गुडघ्यांवर एखादी बॅग किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र आडवे ठेवले जाते आणि त्यावर पाने पडतात. घरी चटईवर भिडू थेट समोर असतो. गाडीत तो तिरपा, समोरच्या बाकाच्या दुसऱ्या जागेवर बसतो, म्हणजे पाने फिरताना एका जोडीनंतर दुसऱ्या जोडीची पाळी येते. गुण लिहायची गरज नसते. डाव कोणी मारला आणि कोट किती झाले एवढे लक्षात ठेवले की पुरते, आणि गर्दीच्या डब्यात ही फार मोठी सोय आहे.

बहुतेक गटांत आधी पाच-पाच आणि मग चार-चार अशी पाने वाटतात, वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा खेळाडू पहिली उतारी करतो, म्हणजे हाताचे पहिले पान टाकतो, आणि खेळ त्याच दिशेने फिरतो. उतरलेल्या रंगाचे पान हातात असेल तर तेच द्यावे लागते. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. हुकूम कसा ठरवायचा याच्या तीन-चार पद्धती आहेत, आणि पद्धत बदलली की पाने तीच राहूनही खेळ वेगळा होतो. म्हणून नव्या मंडळींबरोबर बसताना पाने पिसण्याआधी ‘बंद की कट?’ हे विचारून घेणे शहाणपणाचे.

कट हुकमात डाव हुकमाशिवाय सुरू होतो. उतरलेला रंग ज्याच्याकडे प्रथम नसेल तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम ठरतो, आणि तो हातही त्या पानाने कापला जातो. हुकूम ठरवण्याचा मान पाने वाटतानाच कोणाला मिळत नाही, तो खेळून मिळवावा लागतो. या कारणाने सर्व प्रकारांत हाच प्रकार सर्वांत कसदार मानायला हवा. समजा, एखाद्याकडे इस्पिकची एक्का, राजा आणि दश्शीसह सहा पाने आहेत आणि चौकटचे एकच पान आहे. नवखा खेळाडू इस्पिकचा एक्का उतरतो. जाणता खेळाडू चौकटचे एकुलते पान आधी घालवतो आणि चौकटची पुढची उतारी होण्याची वाट पाहतो. ती झाली की तो इस्पिक टाकतो, इस्पिक हुकूम होते आणि त्याची सहाच्या सहा पाने एकदम वजनदार होतात. त्या हातात त्याची पाळी शेवटची असेल तर त्याने इस्पिकच्या मेंढीनेच कापावे, कारण हुकूम आणि मेंढी दोन्ही एका पानात साधतात. त्याच्यानंतर कोणी खेळायचे असेल तर मात्र हा मोह टाळावा. पुढच्याकडेही चौकट नसेल तर तो इस्पिकच्या राणीने किंवा गुलामाने वरचढ कापून मेंढी नेतो.

याउलट लांब रंग स्वतःच उतरत राहणे या प्रकारात घातक ठरते. एकाकडे एखाद्या रंगाची सात पाने असतील तर उरलेल्या तिघांत मिळून सहाच उरतात. दोन-तीन फेऱ्यांत कोणाचा तरी तो रंग संपतो, तो आपल्या सोयीचा हुकूम करतो आणि ती सात पाने कापली जाण्यापुरती उरतात. भिडूने लहान पानाची उतारी केली तर ते बहुधा त्याचे एकुलते पान असते. तो रंग त्याला पुन्हा उतरून देणे, म्हणजेच हुकूम करण्याची संधी देणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.

बंद हुकमात ठरलेला खेळाडू, सहसा वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा, आपल्या हातातले एक पान उपडे ठेवतो आणि त्याचा रंग हा हुकूम असतो. उघडेपर्यंत त्या रंगाला काही अधिकार नसतो. एखाद्याकडे उतरलेला रंग नसेल तर तो हुकूम उघडायला सांगू शकतो. त्यानंतर झाकलेले पान मालकाच्या हातात परत जाते. येथे उपनियमांची गुंतागुंत बरीच आहे. काही गटांत उघडायला लावणाऱ्याने हुकूम असल्यास कापलेच पाहिजे असा दंडक असतो, तर काही गटांत तो मोकळा असतो. झाकलेल्या पानाचाच रंग उतरला आणि मालकाकडे त्या रंगाचे दुसरे पान नसेल तर काय, हा प्रश्न खेळ सुरू होण्यापूर्वीच सोडवलेला बरा. झाकायला मधले पान निवडावे. एक्का झाकला तर हुकूम उघडेपर्यंत तो अडकून पडतो, आणि मेंढी झाकली तर शेवटच्या हातांत ती बाहेर काढताना त्रेधा उडते. समोरच्या जोडीच्या बाजूने विचार करता, हुकूम लवकर उघडायला लावणे नेहमीच हिताचे नसते. तो बंद आहे तोवर आपले एक्के निर्धास्त चालतात, म्हणून हातातली पाने चांगली असताना उघडण्याची मागणी लांबवणे हा मान्य डाव आहे.

तिसऱ्या पद्धतीत पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलला जातो. ही पद्धत झटपट आहे आणि लहान मुलांना शिकवायला सोपी आहे, पण उरलेल्या आठ पानांत काय येईल यावर सारे अवलंबून राहते.

मेंढ्यांची वाटणी कशी होते याचे गणित पाहण्यासारखे आहे. पाने नीट पिसलेली असतील तर दोन्ही बाजूंना दोन-दोन मेंढ्या जाण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के, तीन-एक अशी सुमारे ५० टक्के आणि चारही एकाच जोडीकडे जाण्याची सुमारे ११ टक्के असते. म्हणजे निम्म्या डावांत एक जोडी वाटणीतच तीन मेंढ्यांची धनी असते आणि दुसरीला डाव जिंकण्यासाठी किमान एक मेंढी पकडावीच लागते. स्वतःची सांभाळण्याइतकेच समोरच्याची ओढून काढणे महत्त्वाचे आहे ते यामुळे. एकटी मेंढी एक्क्याच्या पहिल्या उतारीलाच सापडते. सोबत दोन लहान पाने असतील तर तिला गाठायला त्या रंगाच्या तीन मोठ्या उताऱ्या लागतात, आणि तोवर कोणीतरी कापू लागलेले असते.

भिडूच्या एक्क्यावर मेंढी द्यायची की राखायची, हा रोजचा पेच. समजा, हुकूम ठरलेला आहे. भिडूने किलवरचा एक्का उतरला, त्याच्याकडे आणखी दोन किलवर आहेत आणि आपल्याकडे दश्शीसह पाच. दुसऱ्याने किलवर दिले, आपण तिसरे, आपल्यामागे चौथा. समोरच्या जोडीत मिळून पाच किलवर आहेत, आणि ती सर्व दुसऱ्याकडेच असून चौथ्याकडे एकही नसण्याची शक्यता अवघी २ टक्क्यांच्या आसपास आहे. मेंढी राखून पुढच्या किलवरवर द्यायचे ठरवले तर तेव्हा चौथ्याचा रंग संपलेला असण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या घरात जाते. धोका एका फेरीत सातपट वाढतो, म्हणून पहिल्याच एक्क्यावर मेंढी देऊन मोकळे व्हावे. हातात कमी किलवर असतील तर मात्र थोडी वाट पाहता येते.

शेवटच्या चार-पाच हातांत खेळ स्मरणावर येतो. किती हुकूम पडले आणि कोणता रंग कोणाकडे संपला एवढे ज्याला आठवते त्याला उरलेली पाने जवळपास दिसतातच. दोन-दोन मेंढ्यांची बरोबरी दिसू लागली की सातव्या हाताकडे लक्ष वळवावे लागते, आणि आधी बेफिकिरीने सोडलेला बिनमेंढीचा हात अशा वेळी महागात पडतो. भिडूला डोळ्याने, खोकून किंवा पान आपटून खुणा करणे सर्वत्र निषिद्ध आहे. रंग असूनही न देणाऱ्याला डाव गमवावा लागतो, काही गटांत थेट कोट स्वीकारावा लागतो, आणि ही कडक शिक्षा योग्यच म्हणावी लागेल, कारण एका चुकीच्या पानाने इतरांची सगळी मोजणी बिघडते.

उत्तर भारतातील देहला पकड हा मेंढीकोटाचा जवळचा भाऊबंद आहे. त्यात झालेले हात मधोमध साठत जातात, आणि एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात केले तरच तो सारा ढीग उचलतो. त्यामुळे मेंढी पडली तरी ती कोणाची हे लगेच ठरत नाही. तिघेच असतील तर मुंबईकर तीन-दोन-पाच मांडतात, ज्यात ३० पाने असतात आणि हातांची संख्या आधीच नेमून दिलेली असते. सहा जण जमले तर चारही दुर्र्या काढून ४८ पानांवर, तीन विरुद्ध तीन असा मेंढीकोट खेळता येतो. प्रत्येकाला आठच पाने मिळतात आणि एका रंगाची बारा पाने सहा जणांत विभागली जातात, म्हणून दुसऱ्याच फेरीला कापाकापी सुरू होते आणि मेंढी राखण्याचा विचार जवळजवळ सोडूनच द्यावा लागतो.